दोरीला लटकलेला नवरदेव

सांगू नये असेच ठरवले होते; पण तुम्ही दुसरा कप पुढे केलात, आता सुटका नाही. ऐका. मात्र हसण्याची घाई करू नका. हसण्याजोगे पुढे बरेच आहे.

मी संशयी माणूस आहे. हा दोष आहे असे मला कधी वाटले नाही. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, असे धम्म सांगतो. डोळ्यांनी पाहिलेलीही मानू नये, ही त्यात माझ्या पदरची भर! मुख्याध्यापकपदी आयुष्य गेले. पोट दुखते म्हणणाऱ्या मुलाचे पोट मी स्वतः दाबून पाहत असे.

तर मी ध्यानशिबिरास गेलो होतो. तेवढ्यात लाखनीत माझ्या धाकट्या भावाने, देवानंदने, आपल्या मुलीचे लग्न जमवून टाकले. माझी पुतणी प्रज्ञा. मुलगा बपेऱ्याचा, नाव सुमेध, तुमसरला क्रीडाशिक्षक. मी शिबिरातून परतलो तेव्हा साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आठवड्यावर आले होते.

"दादा, पोरगा लय नामी आहे जी," देवानंद म्हणाला. "हिमालयात बर्फाचा कडा कोसळला ना, त्यातून वाचून आला. त्याच्यावर माहितीपट निंगाला आहे. फोटो दाखवू काय?"

"फोटोवरून माणूस कळत नाही," मी म्हणालो.

"मंग माहितीपटच पाहा."

संध्याकाळची वंदना आटोपून मी त्याच्या घरी पोचलो, तो माहितीपट सुरू झालेला. पडद्यावर बर्फाचा कडा. त्यावर दोरीला लटकलेला एक माणूस. भरघोस मिशी, उजव्या भुवईवर व्रण. मागून आवाज येत होता, "मला वाटले, आता संपले सारे." पण त्या माणसाचे ओठ हलत नव्हते!

माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली.

"देवानंद, हा सुमेध?"

"सुमेधचंच तं आहे हे सारं. मरता मरता वाचला बिचारा."

"याच्यासमोर कॅमेरा कोणी धरला आहे?"

उत्तरासाठी मी थांबलोच नाही. सांगा तुम्हीच! माणूस मरतो आहे, आणि समोरचा गृहस्थ त्याला हात द्यायचे सोडून चित्रण करतो आहे? एक तर मरणारा खोटा, नाही तर चित्रण करणारा कसाई. मी तिथेच उठलो. उरलेला माहितीपट पाहण्याची मला गरज वाटली नाही.

"दादा, पूर्ण तं पाहा!"

"खोटेपणा अर्धा पाहिला तरी पुरतो."

दोनच दिवसांनी निवृत्तिवेतनाच्या कामासाठी भंडाऱ्यास गेलो. बाजारातून जाताना एका पितळी भांड्यांच्या दुकानात काय दिसावे? तीच मिशी! तोच व्रण! शेजारी मंगळसूत्र घातलेली बाई, आणि "पप्पा, पप्पा" म्हणत सदरा ओढणारी दोन मुले. दोन तरुण त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेत होते. फसलेले बिचारे! मी आत शिरलो.

"माहितीपटात दोरीला लटकलेले ते तुम्हीच ना?"

गृहस्थाचा चेहरा फुलला. "मीच जी! पाह्यलं काय सर? कसं वाटलं?"

"आणि या कोण?"

"मालकीण आहे माही. हे दोन लेकरं."

"यांना ठाऊक आहे, तुम्ही काय केले ते?"

"ठाऊक काहून नसन? हेच तं मले सोडाले आले होते!"

म्हणजे बायकोही सामील! मी स्वर शांत ठेवला. "हिमालयात कधी गेला होता?"

तो पोट धरून हसला. "हिमालय? मी रामटेकच्या वर कोठी चढलो नाई जी! बर्फ सारा थर्माकोलचा. खाली गाद्या. तीन स्वेटर, वर कोट, आन् बाहेर आपला उन्हाळा! थंडीनं कुडकुडून राहिलो म्हणून दाखवलं, पण घामानं भिजून राहिलो होतो."

"लोक फसतात, त्याचे काय?"

"तेच तं कमाई आहे जी! लोकायले खरं वाटलं पायजे."

"लाज नाही वाटत?"

"पयले वाटे," तो मोकळेपणाने म्हणाला. "आता सवय झाली."

इतका निर्लज्ज कबुलीजबाब मी साऱ्या नोकरीत ऐकला नव्हता! त्या बाईने मला घडवंचीवर बसवून पाणी दिले. मी ते प्यायलो नाही.

घरी आलो आणि तोंड बंद ठेवले. चोराला सावध करू नये. पुरावा भर सभेत मांडायचा, असे ठरवले. प्रज्ञा तिकडे गुणगुणत घर सारवीत होती. पोरीकडे बघवेना. ती हसली की मी मनात म्हणे, हस बाई, तुझा मोठेबाबा जागा आहे.

साक्षगंधाचा दिवस. विहारासमोर मंडप. आपल्याकडे अशा कार्यात सगळेच पांढऱ्या कपड्यांत. बपेऱ्याची पाहुणेमंडळी म्हणजे नुसता कापूस फुटलेला. मी प्रत्येक चेहरा तपासला. मिशी नाही! अजून आला नव्हता, किंवा कुठे दडला होता.

दाराशी एक सडपातळ तरुण खुर्च्या लावत होता. जरासा लंगडत होता, पण कामसू. मला वाकून 'जय भीम' केला. भला वाटला.

"तुम्ही कोणाकडले?"

"बपेऱ्याचे जी."

"खरे सांगा, मुलगा कसा आहे?"

तो लाजला. मान खाली. "मी कसं सांगू जी? तुमीच ठरवा."

पाहिलेत? त्यांच्याच माणसाला ग्वाही देववत नव्हती! मी त्याला विश्वासात घेतले. "या दारात उभे राहा. मी सांगेपर्यंत हलू नका. एक माणूस पळून जाण्याचा संभव आहे."

"हो जी," म्हणाला, आणि राहिला उभा.

त्रिशरण, पंचशील झाले. मी उठलो.

"आत्ताच आपण सर्वांनी असत्य न बोलण्याचे शील घेतले. त्याला स्मरून सांगतो. ज्या मुलास आपण मुलगी देत आहोत, त्याला एक पत्नी आहे. दोन अपत्ये आहेत. तो हिमालयात कधीही गेलेला नाही. ज्या बर्फातून तो वाचला म्हणतात, तो थर्माकोलचा होता. त्याने हे भंडाऱ्याच्या भर बाजारात स्वमुखाने मला सांगितले!"

प्रज्ञाच्या हातातले फुलांचे तबक कलंडले. मुलाचे वडील उभे राहिले. "काय बोलून राहिले जी तुमी?"

"विचारा तुमच्या मुलाला! आहे कुठे तो? तोंड दाखवण्याची हिंमत आहे?"

प्रज्ञा रडत ओरडली, "मोठेबाबा, दारात उभे आहेत ना ते!"

मी दाराकडे पाहिले. दारात तो सडपातळ तरुण. त्याच्याखेरीज कोणी नाही.

"मले हलू नको म्हणले होते काकांनी," तो म्हणाला.

"मग... तो मिशीवाला?"

"ते नट आहेत जी. मी लटकलो तवा तिथं कॅमेरा कोठून येईन? म्हणून मंग नटाले लटकवलं. मी खुर्चीत बसून सांगतो, तो भाग पुढं आहे."

"अवो मोठेबाबा," मागून एक बाई फिस्कारली, "झाडीपट्टीच्या नाटकातला हिरो आहे तो! शेंबडं पोरगं ओळखते त्याले."

ओळखते खरे. आयुष्यभर नाटकाकडे पाठ फिरवून बसलेला असा साऱ्या झाडीपट्टीत एकच मनुष्य असावा, आणि तो त्या दुकानात नेमका शिरावा!

मुलाचे वडील ऐकेनात. "आमच्या पोराची भर मंडपात बेअब्रू! उठा रे, गाडी काढा." बपेऱ्याची माणसे चपला शोधू लागली. देवानंद एकेकाच्या हातातली चप्पल काढून घेऊ लागला. प्रज्ञाने माझ्याकडे पाहिले. तसे कोणी माझ्याकडे कधी पाहू नये. मी हात जोडले.

तेवढ्यात सुमेधची आजी काठी आपटत पुढे आली.

"बसा रे सारे जणं! चपला ठेवा. नातवावर अख्खा पहाड कोसळला, तई वाचला ना पोरगा? मंग हे तं नुसते मोठेबाबा आहेत!"

मंडप असा हसला की आवाज महामार्गापर्यंत गेला असावा. लोक बसले. साक्षगंध झाले. लग्नही झाले.

दोन्ही घरांत तेव्हापासून माझी गणना नैसर्गिक आपत्तींत होते.