पुंगळ्या

खंडेनवमीच्या सकाळी बायकोनं पाटावर विळी, कात्री, माझा पाना आणि महिन्यापूर्वी घेतलेलं रिव्हॉल्व्हर ओळीनं मांडलं. सगळ्यांना सारखंच कुंकू. परवान्यासाठी मी दोन वर्षं खेटे घातले होते, पण विळीपुढे त्याचा काही वेगळा मान नव्हता.

नेमबाजीच्या सरावातल्या रिकाम्या पुंगळ्या मला टाकवत नव्हत्या. परवा वांगी भरत बसलेल्या बायकोला मी सहज म्हणालो, "थोडी दारू मिळाली तर ही काडतुसंही घरीच भरता येतील."

तिचा हात थांबला. "अहो, गळ्यात माळ आणि घरात दारू?"

"पिण्याची नव्हे गं, बंदुकीची."

"मग पिण्याचीच परवडली. ती निदान एकालाच चढते."

दोन्हींना मराठीनं एकच नाव का दिलं असेल, याचा मी उरलेली वांगी चिरताना विचार करत राहिलो. डोक्यात शिरली की दोन्ही सारख्याच. आपल्याला काहीही जमेल असं वाटू लागतं.

पूजा झाली. पाटापुढे तांदळाच्या राशीत सहा पुंगळ्या रोवलेल्या होत्या आणि प्रत्येकीत एक उदबत्ती.

"घ्या," बायको म्हणाली, "भरल्या घरीच."

सहाही पुंगळ्यांतून धूर निघत होता, आणि घरभर मोगऱ्याचा वास होता.