भिंतीवरचे पंधरा मंगळवार

आमच्या नणंदबाई शाळेत विज्ञान शिकवतात. वीस वर्षं झाली, पण घरातून निघताना चष्मा विसरायची खोड काही गेली नाही. गेल्या आठवड्यात मंगळवारीही विसरल्या. मी देवापुढून उठले, चष्मा घेतला आणि शाळा गाठली, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

वन्संच्या जिवाला घोर होता. नववीच्या खास विज्ञान तुकडीला वीस मुलं मिळाली नाहीत, तर तुकडी बंद आणि त्यांची रवानगी कचेरीत हजेरीपट भरायला. नावं आली होती तेरा. मुदत शुक्रवारची.

त्यांची सारी भिस्त होती आठवीच्या वर्गातल्या एका भिंतीवर. शाळा सुरू झाली तेव्हाच त्यांनी खिडकीला भोक पाडलेला पुठ्ठा लावला होता. सकाळी ठीक आठला त्यातून उन्हाचा ठिपका समोरच्या भिंतीवर पडे. दर मंगळवारी एका मुलानं भिंतीला टेकून उभं राहायचं, ठिपका अंगावर कुठे आला ते बाकीच्यांनी सांगायचं, आणि तिथे पेन्सिलीची खूण करायची. कोपर, खांदा, कान असं करत ठिपका चढत होता. बाहेर सूर्य उतरतोय, म्हणून आत ठिपका चढतोय, हे मुलांना कळलं तेव्हा वन्सं घरी येऊन दोन पोळ्या जास्त जेवल्या होत्या.

"वन्सं, वहीत लिहून ठेवा हो," मी म्हटलं होतं.

"वहिनी, भिंत काय पळून जाणार आहे?"

भिंत पळाली नाही. सुट्टीत रंगाऱ्यानं ती रंगवली.

मी चष्मा घेऊन पोचले, तर वन्सं त्या गुळगुळीत भिंतीपुढे नुसत्या उभ्या. मला मागच्या बाकावर बसवलं.

एक मुलगा म्हणाला, "बाई, माझी खूण माझ्या खांद्यावर आहे की."

"अन् माझी कानावर. दारापासून सातवी फरशी."

बघता बघता रांग लागली. ज्याची जी फरशी तिच्यावर तो उभा राही, दुसरा खूण करी. पंधराच्या पंधरा झाल्या. नीट चढती ओळ जमली, फक्त चौथी खूण बोटभर वर निघाली.

"सूर्य चुकला," कुणीतरी म्हणालं.

मी मनात म्हटलं, देवानं लावून दिलेली वेळ, ती कशी चुकेल?

चौथी खूण शिडीची होती. वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, म्हणून हे नाव. ती रडवेली झाली. "बाई, कोपरच होतं. शपथ."

"मग चुकलं कोण, ते शोधा," वन्सं म्हणाल्या. त्यांना कळलं होतं, पण सांगेनात.

शिडीची शेजारीण खाली वाकली. "बाई, हिच्या स्कर्टची दुमड सोडलीय. जुनी रेघ दिसतेय बघा."

"आईनं गेल्या महिन्यात सोडली," शिडी पुटपुटली.

"सूर्य बरोबर आहे," शेजारीण म्हणाली. "हीच वाढलीय, कोपरासकट."

वर्ग खो-खो हसला. शिडीही हसली. मग मागून एक शंका आली, "बाई, म्हणजे मीही वाढलो असेन. माझीही खूण चुकलीच असणार." झालं. जो तो दुसऱ्याला भिंतीशी उभा करून तपासू लागला. तास संपल्याची घंटा झाली, तरी कुणी जागेवर जाईना.

शिडीचं नाव यादीत नव्हतं. आपल्याला हे जमायचं नाही, अशी तिची समजूत. त्या दुपारी पहिला नवा अर्ज तिनंच दिला. शुक्रवारी नावं झाली बावीस.

घरी आल्यावर वन्संनी चष्मा पुसत माझ्याकडे एक कोरी वही मागितली. मी वहीबरोबर पेनही दिलं. पहिल्या पानावर आता मुलांच्या उंच्या आहेत. सूर्य दुसऱ्या पानापासून.