दाजींच्या गाडीतली सेल्फची वायर

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आणि माझ्या धंद्यात तो परवडलाही नसता. माधवनगरला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे. लोक बंपरला लिंबू-मिरची बांधून येतात आणि मी आतलं उंदरानं कुरतडलेलं वायरिंग बदलून देतो. वायरमधून करंट गेला तर ती तापते, नाही गेला तर गार राहते... एवढंच माझं शास्त्र. या दिवाळीपर्यंत ते पुरलं.

आधी घरचं सांगतो. माझी थोरली बहीण, आक्का, तासगावला दिलेली. दाजी बेदाण्याचे व्यापारी. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आक्काच्या छातीत कळ आली. दारात गाडी उभी होती, पण दाजी म्हणाले, सेल्फ लागत नाही — किल्ली फिरवल्यावर स्टार्टरला करंट नेणारी वायर जळली आहे. मग सांगलीच्या दवाखान्यात न्यायला शेजाऱ्याचा टेंपो शोधला, त्यातला माल उतरवला. सोबत फक्त भाची गेली. दाजी मागून येणार होते. बुधगावच्या अलीकडंच आक्का संपली.

त्या दिवशी बेदाण्याचे सौदे, म्हणजे लिलाव होते, हे मला नंतर कळलं. तेराव्याला मी दाजींना म्हणालो, गाडी आणा, वायर बघतो. "बगू रं नंतर," म्हणाले. जावयाला खोदून विचारायची आमच्यात पद्धत नाही. आईनंसुद्धा विचारलं नाही, उलट पहिलं ताट त्यांनाच वाढलं. ते मला आजही पचलेलं नाही.

दिवाळी झाल्यावर दाजी आपणहून गाडी घेऊन आले. बरोबर कॉलेजला जाणारी भाची होती.

"गड्या, स्टेअरिंगखाली कायतरी लय तापतंय. गुडघ्याला चटका बसतोय."

कव्हर उघडलं. तीच, सेल्फची वायर. वरचं प्लॅस्टिक मऊ पडलेलं. पण गुंडाळलेली कंपनीची टेप जशीच्या तशी होती. ही वायर आधी कधी जळली नव्हती, कुणी बदललीही नव्हती.

तरी कामाला लागलो. फॉल्ट शोधायची आमची रीत एकच — एकेक गोष्ट काढत जायची. जी काढल्यावर वायर गार होते, तिथं फॉल्ट. फ्यूज काढले, रिले काढला, किल्ली खिशात टाकली. शेवटी बॅटरीच काढून फरशीवर ठेवली. मीटर शून्य दाखवत होता आणि वायर हात लावू देत नव्हती. दाजी सीटवर मोबाइल बघत बसले होते.

"लय येळ लागणार काय?"

"लागंल. तुमी च्या पिऊन या, दाजी."

ते उतरून गेले आणि वायर गार पडली. भाचीला त्या सीटवर बसवलं. गार. मी स्वतः बसलो. गार. सगळं परत जोडून भाचीच्या हातात किल्ली दिली. एका सेल्फमध्ये गाडी चालू झाली, तरी वायर गारच.

भाची स्टेअरिंग धरून तशीच बसली. "मामा, त्या दिवशी बी अशीच लागली हुती," ती हळू म्हणाली. "आमचा टेंपो कोपऱ्यावर असताना मागनं आवाज आला. मला वाटलं पप्पा आलं. पर ते सौद्याला गेलं."

"कुणाला बोललीस न्हाईस?"

"कुणाला बोलू? घरात ते आन् मी, दोघंच की."

दाजी परत येऊन सीटवर बसले. गाडी बंद होती, किल्ली माझ्या खिशात होती. बोटांत धरलेल्या वायरचा मला असा चटका बसला की ती हातातून सुटली.

"सापडलं काय रं?"

सगळं ओठांवर आलं होतं. पण भाचीला त्याच गाडीतून त्याच घरी जायचं होतं. मी भांडलो असतो तर त्यांनी तिला पुन्हा माझ्या दारात येऊ दिलं नसतं.

"न्हाई सापडलं, दाजी," मी म्हणालो आणि नवी वायर टाकून दिली. त्या माणसाला अजून दाजी म्हणतो, याची मला लाज वाटते.

नवीही तापते. ते त्यानंतर दोनदा येऊन गेले, गुडघ्यावर काळा डाग पडलाय म्हणतात. मी एका इंजिनिअर मित्राला विचारलं, तो म्हणाला बॅटरीचं कनेक्शन कुठंतरी राहिलं असेल... फरशीवरच्या बॅटरीचं? इथं कुणी जाणकार असेल तर सांगा, मला कारण सापडलेलं नाही. माझं विचाराल तर ती तापू दे, जळू दे. पण शेजारच्या सीटवर भाची बसते. म्हणून दर खेपेला मी वायर बदलून देतो.