बाजूनंही दिसणारा स्क्रीन

हौसराव दसगुडे शिरूर डेपोतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांना वाटलं होतं, आता पहाटे उठायला नको. पण पहिल्या गाडीच्या वेळेला डोळे उघडायचेच आणि मग दिवस सरता सरायचा नाही. बायको मुक्ताबाई आधीच गेल्या होत्या. मुलगा सुमित नोकरीला बंगळूरला. तो जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर घरीच ठेवून गेला होता. एका सुट्टीत त्यानं वडिलांसाठी त्यात बस चालवायचा गेम टाकला आणि टेबलाला स्टिअरिंगही बसवून दिलं.

"आता म्हातारपणी खोटी गाडी हाणू व्हय?" म्हणून हौसरावांनी नाक मुरडलं. सुमित परत गेल्यावर मात्र ते एकदा सहज बसले आणि ती दुपार कुठं गेली ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

मग बिरदेव कोळपे यायला लागले. हे त्यांच्याच गाडीवरचे जुने कंडक्टर, दोन गल्ल्या सोडून राहणारे. जेवण उरकलं की यायचे आणि टेबलाच्या डाव्या अंगाला खाटेवर बसायचे. स्टिअरिंगला कधी हात लावला नाही, पण तोंड म्हणून मिटायचं नाही.

"अरं, हळू घे. म्हातारी उतरतीय."

"म्हातारी कुठली? पोरगी हाय ती, बिरदेवा."

"मला हितनं काय दिसतंय? सगळं पांढरंफटक."

खोटं नव्हतं ते. समोर बसलं की त्या स्क्रीनवर रस्ता, झाडं, सिग्नल सगळं ठीक दिसायचं. बाजूनं बघणाऱ्याला मात्र रंग उडालेले दिसायचे, चुन्याचा हात फिरवल्यासारखे. हौसरावांनी सुमितला फोनवर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "टीएन पॅनल आहे आप्पा ते, समोरूनच नीट दिसतं. जुनं झालं. नवा मॉनिटर घ्या."

"घेऊ की," बिरदेव म्हणाले. "पण मी संगं येणार. तुला एकट्याला गंडवतील."

त्यानंतर थोड्याच दिवसांत बिरदेवांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. त्यांचा मुलगा दौंडला रेल्वेत होता. दवाखान्यातून त्यानं वडिलांना थेट तिकडंच नेलं. शिरूरच्या खोलीला कुलूप लागलं. हौसराव त्या गल्लीतून जायचे टाळू लागले. गेमही बंद झाला. एकदा मन घट्ट करून कॉम्प्युटर चालू केला, तर स्क्रीन दोनदा फडफडला आणि विझला तो कायमचाच.

शेवटी ते एकटेच बाजारपेठेतल्या दुकानात गेले. दुकान रश्मी नावाची एक तरुण बाई चालवायची. गिऱ्हाइकाला घाई करायची नाही ती.

"कशासाठी हवाय मामा?"

"गाडी चालवायला," हौसराव म्हणाले आणि मग ओशाळून हसले. "गेम हाय तसला. बसचा."

रश्मी हसली नाही. तिनं दोन स्क्रीन शेजारी-शेजारी चालू करून दिले. "तुम्हाला लई भारी, वेगवान कायतरी नको. बस काय उडत न्हाई. हा व्हीए पॅनलचा. ह्याच्यात काळं म्हंजी काळंच दिसतं. रात्रीचा रस्ता, बोगदा, एकदम खरा वाटंल. अंधारात गाडी पळाली की कडंला जरा फराटा उठतो, पण तेवढं चालतंय. पण बघायचं समोरनंच. आन् हा आयपीएस पॅनलचा. ह्याचं काळं थोडं राखाडी वाटतं, पण बाजूनं बघितलं तरी रंग तसंच राहत्यात."

हौसराव दोन्हींकडं बघत राहिले. व्हीएवर तिनं बोगद्याचं चित्र लावलं. खरंच, घाटात दिवे लावून शिरल्यासारखं वाटलं. त्यांच्या पायानं नकळत ब्रेक शोधला.

"एकटेच बसता ना? मग हा व्हीएच न्या," रश्मी म्हणाली. "का शेजारी कोण बसतंय?"

हौसरावांनी बोगद्याच्या चित्राकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "बसतंय. एक माणूस असतो."

"मग आयपीएस," ती म्हणाली आणि खोकं काढायला आत गेली.

घरी त्यांनी सगळ्या वायरी स्वतःच जोडल्या. गेम लावला, तर रंग असे आले की स्टँडवरच्या माणसांच्या पिशव्यासुद्धा वेगवेगळ्या ओळखू याव्यात. पण बोगदा आला तेव्हा तो धुरकट वाटला. राखेत शिरल्यासारखा. त्यांनी गाडी बाजूला घेतली, उठले आणि डाव्या हाताला खाटेवर जाऊन बसले. तिथून सगळं जसंच्या तसं दिसत होतं. लाल दिवा लाल, पोरगी ती पोरगी. बस रस्त्याकडेला इंडिकेटर मारत उभी होती आणि स्टिअरिंगवर कोणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ते दौंडला गेले. बिरदेवांच्या सुनेनं, तेजश्रीनं चहा केला आणि ती आत गेली. बिरदेव उशीला टेकून बसले होते. चेहरा एका बाजूला ओढलेला, पण डोळे तेच, कंडक्टरचे.

"स्क्रीन आणला," हौसराव म्हणाले. "खाटेवरनं झ्याक दिसतंय आता."

बिरदेवांनी शब्द गोळा केले. "कंचा?"

हौसरावांनी दुकानातलं सगळं सांगितलं. काळं कुठलं, राखाडी कुठलं, रश्मीनं काय विचारलं. आपण काय उत्तर दिलं, तेही सांगितलं.

बिरदेवांनी डावा हात गादीवर आपटला. "येडा... हाय. बगनार... तू येकटा. दुसरा... घ्याचा."

"तू बरा झाला की येशील की."

"न्हाई... येत." बिरदेव त्यांच्याकडं रोखून बघत होते. "बदलून... घे."

हौसरावांनी कप खाली ठेवला. एवढी वर्षं या माणसानं सांगितलं तिथं त्यांनी गाडी थांबवली होती आणि सांगितलं तेव्हा सोडली होती. वाद कधी घातला नव्हता.

"न्हाई बदलत," ते म्हणाले.

बिरदेवांनी हौसरावांचं मनगट धरलं आणि डोळे मिटले. हात ढिला पडेपर्यंत हौसराव हलले नाहीत. झोप लागल्याचं बघून मग ते उठले, तेजश्रीला सांगून स्टँडवर आले.

शिरूरच्या गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. भीमेचा पूल मागं पडला तसा कंडक्टर मागून तिकिटं काढत आला. तरुण होता, नवीन असावा, त्यानं हौसरावांना ओळखलं नाही.

"कुठं?"

"शिरूर."

"किती?"

हौसराव बाहेर बघत होते. त्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा ते भानावर आले.

"एक," ते म्हणाले. मशीन खरखरलं आणि त्यांनी तिकीट हातात घेतलं.