राणीसरकारची घंटी

सगळी गल्ली त्यांना घंटीकाकू म्हणायची, कारण काकूंच्या कमरेला पितळेची एक छोटी घंटी बांधलेली असे. घरामागच्या अर्ध्या एकरात त्यांच्या सात शेळ्या, डझनभर कोंबड्या आणि एक महाआळशी गाढव. शेळ्यांतली सगळ्यात थोरली, राणीसरकार, चार वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांनी आंधळी झाली. तेव्हा तिच्या गळ्यातली घंटी काकूंनी काढली आणि स्वतःला बांधून घेतली. काकू जिकडे, घंटी तिकडे आणि घंटीच्या मागे राणीसरकार.

त्या दिवशी ऊन कसं लख्ख पडलं होतं. शेळ्या भिंतीशी डोळे मिटून रवंथ करत होत्या, कोंबड्या धुळीत अंग घोळवत होत्या. पण काकूंनी मात्र डोक्यात राख घालून घेतली होती. शेजारच्या नव्या माडीवर राहणाऱ्या बाईंनी तक्रार केली होती, की इथे एका आंधळ्या जनावराचे हाल चालले आहेत. आज पशुकल्याण खात्याचे इन्स्पेक्टर येणार होते. त्यांना पटलं, तर राणीसरकारला गाडीत घालून नेणार. नेलेली आंधळी, म्हातारी शेळी परत येत नाही, हे काकूंना कुणी सांगायला नको होतं.

"वर्षभर खिडकीतून बघतेय मेली! एकदा खाली उतरून विचारायला काय पाय मोडले होते?" काकू दाणे फेकत होत्या, आणि ते इतक्या जोरात पडत होते की कोंबड्याच मागे सरकल्या.

सून आधीच घाबरलेली. "आई, साहेबांसमोर ती घंटी नको ना. हसतील ते. जरा चांगले कपडे घाला."

काकूंनी एरवी तिला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी ऐकलं. घंटी गोठ्यातल्या खिळ्याला अडकवली.

इन्स्पेक्टर तसे शहाणे निघाले. त्यांनी शेळीचे दात पाहिले, खूर पाहिले, गोठ्यातला पेंढा उचलून हुंगला.

"जनावर चांगलं आहे. पण फिरतं का? की दिवसभर एका जागी उभं?"

"उभी कशाला राहील? चल गं, पाणी पी!" काकू ताठ मानेने टाक्याकडे निघाल्या.

राणीसरकारने एक पाऊल टाकलं. कान इकडे फिरवले, तिकडे फिरवले. मग बादलीत पाय घातला, दचकून वळली आणि कपाळ भिंतीवर आपटलं. इन्स्पेक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

काकूंचा हात कमरेला गेला. तिथे काही नव्हतं.

"चार वर्षांत आज पहिल्यांदा आंधळी झाली ती, साहेब!" काकू कडाडल्या. "तुमच्यासाठी नटले मी, आणि हिचे डोळे खिळ्याला टांगून आले!"

कुणी न सांगताच सून गोठ्यात धावली. घंटी हातात पडताच काकूंनी ती तिथेच वाजवली. राणीसरकारची मान वर झाली. बादलीला वळसा घालून, गाढवाच्या शेपटीमागून ती सरळ काकूंपाशी आली, आणि मग त्यांच्या मागोमाग टाक्यापर्यंत.

"पुन्हा एकदा दाखवा," इन्स्पेक्टर म्हणाले.

"सर्कस आहे का ही?" काकू म्हणाल्या, आणि पुन्हा दाखवलं.

गाडी रिकामी गेली. सुनेने सुटकेचा निःश्वास सोडला, पण काकूंचं डोकं थंड होईना. त्यांनी त्या चांगल्या कपड्यांवरच घंटी आवळली आणि शेळीला घेऊन थेट शेजारचं दार वाजवलं. बाईंनी दार उघडलं, आणि शेळी पाहून त्यांची बोबडी वळली.

"हिचे हाल बघायचे होते ना? खिडकी लांब पडते. लावा हात."

बाईंनी कचरत हात पुढे केला. राणीसरकारने तो हुंगला, कोपरापर्यंत चाटला. काकू वळल्या, घंटी वाजली, तशी शेळीही वळली.

"मी रोज सातला दाणे टाकते," काकू मागे न बघता म्हणाल्या. "तक्रार असली, तर तिथे यायचं."