कातळावरची रेंज

आधीच सांगून ठेवतो, मी असलं काही मानत नाही. आमच्या घरात देव्हाराच नाही, तर भुताला बसायला जागा कुठली? बावीस प्रतिज्ञा पाढ्यांच्या आधी पाठ झालेला माणूस मी. त्यात धंदा कॉम्प्युटर रिपेअरिंगचा, मंचरला दुकान. "आपोआप डिलीट झालं हो" म्हणणारं गिऱ्हाईक आलं की मी मनातल्या मनात हसतो. आपोआप काही होत नसतं, कुणीतरी बटण दाबलेलं असतं. इथले उलट्या पायांचे किस्से वाचून मी बऱ्याच खवचट कमेंट टाकल्या आहेत. ज्यांना लागल्या असतील त्यांनी आज वचपा काढा.

फक्त "व्हायरस असेल", "सिग्नलचा घोळ असेल" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या. ते मला तुमच्या आधी सुचलंय.

माझा थोरला भाऊ, दादा, जुन्नरच्या पश्चिमेला घाटघरच्या शाळेत मास्तर होता. तिथेच दोन खोल्या घेऊन राहायचा. वहिनी अंगणवाडीत. आबा, म्हणजे आमचे वडील, शेवटची वर्षं त्याच्याकडेच होते. आबा आंबेडकरी जलशात गाणारे. तरुणपणी जुन्नर-आंबेगावची गावं त्यांनी पायी पालथी घातली होती. स्वतः बांधलेली गाणी, पण अक्षरओळख नाही, म्हणून सगळी डोक्यात. दादाने एका उन्हाळ्याच्या सुट्टीत माईक आणला आणि आबांना रोज समोर बसवून ती कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली. एकोणतीस गाणी भरली.

आणि ती मी पुसली.

झालं असं... दिवाळीत घाटघरला गेलो होतो. दादा म्हणाला, "कॉम्प्युटर लई स्लो झालाय, बघ जरा. पण माझं काम हाय त्यात, बघून कर." आणि तो कामासाठी जुन्नरला गेला. त्या काळी आम्हा रिपेअरिंगवाल्यांना एकच औषध माहीत होतं — फॉरमॅट मारायचा. डी ड्राइव्हला हात लावायचा नाही, सी ड्राइव्ह साफ करायचा, अर्ध्या तासात मशीन नवं. डी ड्राइव्ह उघडून बघितला, रिकामा. मारला फॉरमॅट. दादाने सगळी गाणी डेस्कटॉपवर ठेवली होती. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो, हे तेव्हा शंभरातल्या नव्वद जणांना माहीत नसायचं. पण मला माहीत होतं, माझा तो धंदाच होता.

घरच्यांना मी सांगितलं, "डेस्कटॉपवर काही दिसलंच नाही." आज पहिल्यांदा खरं लिहितोय. 'aaba' नावाचं फोल्डर मला दिसलं होतं. शॉर्टकट असेल म्हटलं. जेवायला बोलावलं होतं, घाई होती. उघडून बघितलं नाही.

आबांना तोवर दम लागायला लागला होता. ते पुन्हा गायला बसले नाहीत, आणि पुढच्या पावसाळ्यात गेले. तिरडी उचलताना मी खांदा द्यायला पुढे झालो, तर दादाने सगळ्यांसमोर माझा हात झटकला. "तू हात लावू नको. तू हात लावला की पुसतं." त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. तो कॉम्प्युटर तर गाणी गेलेली कळली त्याच दिवशी त्याने बंद केला होता आणि कापडात गुंडाळून माळ्यावर टाकला होता. पुढे त्याला कावीळ झाली, ती पोटात उतरली. दवाखान्यात भेटायला गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तसाच गेला.

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. चूक झाली, पण माणूस भावाला मरेपर्यंत गुन्हेगार ठरवतो का?

दादाला वर्ष व्हायला आलं, तेव्हा त्याच्या पहिल्या पुण्यानुमोदनाच्या आधी आईचा फोन आला. ती वहिनींजवळच राहायची. नजर गेलेली, कान मात्र शाबूत. म्हणाली, "अरुण, त्या डब्यातनं आबांचा आवाज निघतोय का बघ रं. त्यात थोरल्याचा बी आवाज व्हता. मी काय आता लई दिस काढणार न्हाई."

हे काम अशक्य नव्हतं. फॉरमॅटनंतर डिस्क वापरली नसेल तर जुन्या फाइली खाली शाबूत राहतात, आणि दादाने मशीन चालूच केलं नव्हतं. म्हणजे त्याच्या रागानेच ती गाणी जपली होती. डबा मंचरला पाठवा म्हटलं, तर वहिनींनी फोन घेतला. "डबा हितनं हलायचा न्हाई. काय करायचं ते माझ्यासमोर करा."

मे महिना होता, २००८च्या सुमाराची गोष्ट. सकाळीच घाटघरला पोचलो. वहिनींनी पाणी दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. मी डिस्क काढून लॅपटॉपला जोडली आणि तिची जशीच्या तशी नक्कल लॅपटॉपवर घेतली. मूळ डिस्कला पुन्हा धक्का लावायचा नाही, एवढी अक्कल आली होती. दोन अडीच तास लागले. वहिनी तेवढा वेळ उंबऱ्यात बसून माझ्या बोटांकडे बघत होत्या. डिस्क परत कापडात बांधून त्यांच्या हातात दिली.

मग त्या नकलेवर मी व्हर्च्युअल मशीन चालू केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — लॅपटॉपच्या पडद्यावर एका खिडकीत दुसरा कॉम्प्युटर चालतो. तो खोटा असतो, त्याचं स्वतःचं काही नसतं. बाहेरच्या लॅपटॉपमधलं त्याला काही दिसत नाही. इंटरनेटसुद्धा लॅपटॉपने दिलं तर मिळतं, आणि माझ्या लॅपटॉपला ते मिळायचं मोबाइलमधून, केबल लावून. फोन गेला की लॅपटॉपचं गेलं, लॅपटॉपचं गेलं की आतल्याचं गेलं. एवढं लक्षात ठेवा.

खिडकीत दादाचा कॉम्प्युटर उघडला, मी फॉरमॅट मारून दिला होता तसाच कोरा. आता त्यात फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर चालवायचं होतं, आणि ते इंटरनेटवर रजिस्टर झाल्याशिवाय काम करत नव्हतं. घाटघरात तेव्हा रेंज नव्हती. गावाबाहेर नाणेघाटाच्या तोंडाशी कातळावर गेलं की खाली कोकणातला टॉवर लागायचा. दुपारी तीनला लॅपटॉप काखेत मारून निघालो. वहिनी पदर खोचून मागे.

कातळावर वारा एवढा की लॅपटॉप मांडीत दाबून धरावा लागत होता. फोनला दोन कांड्या आल्या. केबल लावली, कनेक्ट केलं, आतल्या मशीनला नेट दिलं. सॉफ्टवेअर रजिस्टर झालं आणि डिस्क चाचपायला लागलं. चार टक्के, पाच टक्के...

नवव्या टक्क्याला फोनची रेंज गेली. लॅपटॉपने 'डिस्कनेक्टेड' दाखवलं. ठीक आहे, रजिस्ट्रेशन झालंय, आता नेट लागणार नाही, म्हणून मी सोडून दिलं. तेवढ्यात लक्ष गेलं... आतल्या मशीनच्या कोपऱ्यात नेटचं चिन्ह लुकलुकत होतं. जोरात, काहीतरी भराभरा येत असल्यासारखं.

हँग झालं असेल म्हणून मी केबल उपटली. फोनची बॅटरी काढून खिशात टाकली. चिन्ह लुकलुकतच होतं. मग आतल्या मशीनमध्ये काळी खिडकी उघडून पिंग मारला, म्हणजे पलीकडे कुणी आहे का ते विचारलं.

पलीकडून उत्तर आलं. ओळीखाली ओळ. रिप्लाय, रिप्लाय, रिप्लाय.

मी ती खिडकी बंद केली. मागे डेस्कटॉपवर 'aaba' फोल्डर होतं. सॉफ्टवेअर अजून अकरा टक्क्यांवर, त्याने काहीच परत आणलेलं नव्हतं. फोल्डर उघडलं. एकोणतीस फाइली, एक ते एकोणतीस. खरं सांगतो, भीती बिती वाटली नाही. आनंदच झाला. "वहिनी, सापडली!" मी ओरडलो. त्या पहिल्यांदा जवळ येऊन वाकल्या.

मी पहिली फाइल कॉपी करायला गेलो. कर्सर टेकला आणि फाइल नाहीशी झाली. मला वाटलं, चुकून डिलीट दाबलं. दुसरीवर गेलो, दुसरी गेली. तिसरी गेली. रिसायकल बिन रिकामं. माझं डोकं फिरलं. मी हट्टी माणूस आहे. कीबोर्डवरून करून बघितलं, दुसऱ्या वाटेने करून बघितलं, सगळ्या एकदम निवडून बघितल्या... एकदम निवडल्या त्यासरशी दहाबारा गेल्या.

"भावजी, हात काढा," वहिनी म्हणाल्या.

"थांबा हो, मला कळतंय यातलं!"

"तवाबी तुमाला कळतच व्हतं."

तेवढ्यात खिडकीच्या बाहेर, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर, चिन्हं विझायला लागली. माझ्या मुलीच्या पहिल्या वर्षाचे फोटो डेस्कटॉपवर होते. हो, डेस्कटॉपवरच. रांगतानाचं फोल्डर गेलं. बारशाचं गेलं. आतलं मशीन बाहेरच्याला हात लावू शकत नाही, मी इतक्या लोकांना छातीठोकपणे सांगितलंय. माझ्या डोळ्यांदेखत ते एकेक घेत होतं, सावकाश, मला नीट दिसेल अशा बेताने.

दादाच्या फोल्डरातल्या बाकीच्याही तोवर गेल्या होत्या, एकच फाइल उरली होती. एकोणतीस नंबर.

मी दोन्ही हात वर घेतले आणि बोललो. मोठ्याने. मी, असलं काही न मानणारा माणूस, त्या वाऱ्यात पडद्याकडे बघून बोललो, "दादा, मी फोल्डर बघितलं होतं. एवढं एक राहू दे. आईसाठी राहू दे."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. वाटलं, कानाखाली देतात आता. पण त्यांनी लॅपटॉप ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. आयुष्यात कधी कॉम्प्युटरला हात न लावलेली बाई. "कसं घ्यायचं?" त्यांनी विचारलं.

"फाइलवर न्या... बटण दाबून धरा. आता ओढा. खिडकीच्या बाहेर."

सांगताना मलाच माहीत होतं की होणार नाही. आतून बाहेर असं ओढून आणायला वेगळी सोय आधी बसवावी लागते, ती मी बसवली नव्हती. वहिनींनी बोट दाबलं, ओढलं, आणि फाइल निमूट बाहेर आली. बाहेर येऊन माझ्या कोऱ्या डेस्कटॉपवर बसली. लगेच लॅपटॉप बंद पडला.

घरी येऊन चालू केला. नक्कल नाही, व्हर्च्युअल मशीन नाही, मुलीचे फोटो नाहीत. आजच फॉरमॅट मारल्यासारखा स्वच्छ, आणि मधोमध ती एक फाइल. मूळ डिस्क पुन्हा जोडून बघतो म्हणालो, तर वहिनी म्हणाल्या, "आता न्हाई." नंतर केव्हातरी त्यांनी स्वतःच ती जुन्नरला दुसऱ्याकडून तपासून घेतली. ती फिरतसुद्धा नाही म्हणाला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर आईसमोर फाइल लावली. आधी खरखर. मग दादाचा आवाज, "झालं चालू, म्हणा आबा." वहिनींनी तोंडात पदर कोंबला. आबांनी घसा खाकरला, तुणतुणं लावलं, एक ओळ म्हणाले... आणि थांबले. मागे लांबवर वाऱ्याचा आवाज होता. घरातला नव्हे, उघड्यावरचा. आणि त्या वाऱ्यात कुणीतरी बोलत होतं. शब्द पुसट होते, पण मला लागलेच. माझेच होते. एवढं एक राहू दे. आईसाठी राहू दे.

आबांनी विचारलं, "कोण बोलतंय रं?"

दादा म्हणाला, "कोण न्हाई, आबा. तुमी म्हणा."

आणि आबांनी पुढचं गाणं शेवटपर्यंत म्हटलं.

रेकॉर्डिंग माझ्या फॉरमॅटच्या आधीचं, त्या कातळाच्या कितीतरी आधीचं. मी पुण्याच्या एका ध्वनिमुद्रणवाल्याला ऐकवलं. एकाच दमात झालेलं रेकॉर्डिंग आहे, जोड कुठेच नाही, असं तो म्हणाला.

आई अजून आहे. दरवर्षी त्या दिवशी फाइल लावायला सांगते. गाण्यामधलं ते बोलणं तिला फार आवडतं, तेवढंच ती दोनदा लावायला लावते. "बघ, थोरला बापाला कसं सांभाळून घेतोय," म्हणते. सगळे माना डोलावतात. वहिनी माझ्याकडे बघत नाहीत. लॅपटॉप माझाच असतो, पण बटण त्याच दाबतात. मी दाराजवळ बसतो आणि दरवर्षी दोनदा ऐकून घेतो की तिथे कोणी नाही.