तीन नंबर डावा, पाच नंबर उजवा

माझे दोन्ही पाय एकाच मापाचे असते तर कस्टमवाल्यांशी माझा कधी संबंधच आला नसता. लहानपणी तापात डावा पाय वाळला आणि उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड राहिला. आमच्या गावात, सोनईत, चपला शिवणाऱ्या काकांनी डाव्या चपलेखाली टायरचे तीन थर ठोकून मला सरळ उभं केलं होतं. चप्पल भक्कम होती, पण भलतीच जड, आणि चालताना टाचेतून निसटायची. रोज सकाळी मी पातळ नेसले की आई खाली बसून माझ्या निऱ्या पार जमिनीपर्यंत ओढायची. "दिसाया नगं," एवढंच म्हणायची. त्या ओढण्याचा मला राग यायचा, पण एकविसाव्या वर्षापर्यंत मी तो गिळला.

मिशनच्या दवाखान्यात एक परदेशी नर्सबाई होत्या. मायदेशी परत जाताना त्यांनी माझे दोन्ही पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवून नेले. वर्षभराने त्यांचं पत्र आलं, बूट पाठवलेत म्हणून. त्यानंतर बूट यायला हवे होते; आलं ते मुंबईच्या कस्टम ऑफिसचं पत्र. पार्सलवर 'एक जोड' असं लिहिलंय, पण आतला एक बूट तीन नंबरचा, दुसरा पाच नंबरचा, आणि एकाचा तळ भलताच जाड. हा विक्रीचा नमुना आहे काय? नसल्यास वापरणारी व्यक्ती कायमची अपंग असल्याचा सिव्हिल सर्जनचा दाखला पाठवावा. कातडं कसलं, तळ कशाचा, तेही लिहून द्यावं. नाहीतर पार्सल परत जाईल.

मी उलटटपाली कळवलं की जोड जुळत नाही कारण पाय जुळत नाहीत, आणि कातडं कसलं ते शिवणाऱ्याला विचारा. दाखल्याचा मात्र काही इलाज नव्हता.

त्याच आठवड्यात जिल्हा परिषदेचा हुकूम आला. प्राथमिक शाळेत नेमणूक, पंधरा दिवसांत रुजू व्हावे, सोबत शरीराने धडधाकट असल्याचा दाखला आणावा. तोही सिव्हिल सर्जनचाच! म्हणजे बूट हवेत तर लंगडी हो आणि नोकरी हवी तर धडधाकट हो. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. दुष्काळाचं साल होतं. वडील नव्हते, आणि आई पन्नाशीत दुष्काळी कामावर खडी फोडत होती. माझी नोकरी लागली तरच तिच्या हातातला हातोडा सुटणार होता.

दोन्ही पत्रं घेऊन आम्ही मायलेकी एस.टी.ने नगरला गेलो. सिव्हिल हॉस्पिटलातल्या कारकुनाने ती वाचली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, दोन दारं, दोन कागद. मुंबईचं नगरला कोण ताडून बघतंय? आज अपंगाचा न्या. आठ दिवसांनी धडधाकटाचा न्यायला या, तेव्हा फक्त बसून राहा, चालू नका."

"बराबर बोलत्यात," आई म्हणाली. "निऱ्या खाली सोड आन् गुमान बस."

आज मी म्हणू शकते की तसला खोटा कागद घेतला असता तर पुढे कोणीही चहाडी करून मला वर्गातून उठवलं असतं. पण तेव्हा एवढा विचार कुठला! माझं नुसतं डोकं फिरलं होतं. मी सरळ सर्जनसाहेबांच्या खोलीत शिरले आणि दोन्ही पत्रं त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"दोन्ही कसं लिहिणार? एक काय ते ठरवा," ते म्हणाले.

"दोन्ही खरंच आहे, साहेब. पायात उंच बूट नसेल तर मी अपंग, असेल तर धडधाकट. तसंच लिहा."

"शिकवायचं म्हणजे तासन् तास उभं राहावं लागतं, बाई."

"मग बघा." मी निऱ्या उचलून कमरेला खोचल्या. दोन्ही पाय घोट्याच्या वरपर्यंत उघडे झाले, टायरची चप्पल दिसली. "तुम्ही तुमचे रोगी बघा. मी इथं उभी राहते. बसले तर अपंगाचा कागद द्या, मी गुमान घेऊन जाईन."

त्यांना वाटलं असावं, दहा मिनिटांत बसेल. त्यांनी रोगी बोलवायला सुरुवात केली. खडीवर अंगठा ठेचलेला एक जण आला, मग खोकल्याचे दोन म्हातारे. मी भिंतीला टेकले नाही. अर्ध्या तासात पोटरी दगडासारखी झाली, पाठीवरून घाम ओघळायला लागला. शिपायाला दया आली, त्याने स्टूल आणून ठेवलं. मी ते पायाने दूर सारलं. आई दारात उभी होती. आधी तिने माझ्याकडे डोळे वटारले, मग दाराची चौकट धरली. तासाच्या वर झालं तरी साहेब मान वर करेनात. मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाच जास्त राग येत होता.

तेवढ्यात आई आत आली. "लिवा आता, सायेब," ती म्हणाली. "ती बसायची न्हाई. मला ठावं हाय."

त्यांनी लेखणी उचलली. 'डावा पाय कायमचा आखूड. उंच तळाचा बूट घातल्यास शिक्षिकेच्या कामास पूर्ण योग्य.' एकच मजकूर, दोन प्रती; एक मी मुंबईला धाडली. जिल्हा परिषदेतल्या कारकुनाने तो वाचून विचारलं, "आणि बूट काढल्यावर?"

"बूट मी घरी काढते," मी म्हटलं. "घरी जिल्हा परिषदेची नोकरी नसते."

मी टायरच्या चपलेवरच रुजू झाले. आईची खडी सुटली. बूट दोन महिन्यांनी आले, 'वैद्यकीय पादत्राणे, विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी चिकटवलेली. सोनं लपवलंय की काय म्हणून डाव्याच्या तळाला आरीने भोक पाडून पाहिलं होतं. आत नुसतं हलकं बूच निघालं होतं, बाटलीला लावतात तसलं.

सोमवारी शाळेला निघताना मी बूट घातले. आई सवयीने माझ्यासमोर खाली बसली, निऱ्या हातात धरल्या. मी ओठ आवळून उभी राहिले. तिने त्या चापूनचोपून सारख्या केल्या आणि चार बोटं वर उचलून खोचल्या.

"दिसू दी," ती म्हणाली. "सरकारनं तपासून दिल्यात."